तव्यावर दहा सेकंद

४ फेब्रुवारी

आले एकदाची! बसमधून उतरले तर समोरच लाल छपराचं दुकान, छपराभोवती पिवळ्या दिव्यांची माळ भर दुपारी लागलेली, आणि दारात पांढरा एप्रन घालून भाऊजी हात पसरून उभे. पेटी त्यांनीच उचलली. म्हणाले, मेहुणीबाईंच्या पायगुणाने आता गर्दी होणार, पण आधी पोटपूजा. मग स्वतः तव्यापाशी उभं राहून त्यांनी मला हॅम्बर्गर करून दिला. पाव इतका मऊ की बोटं उमटली. ताई शेजारी बसून मी खाते ते बघत होती. चार वर्षांनी भेटलो. वाळलीये जरा, पण हसते तशीच, तोंडावर हात घेऊन.

राहायच्या दोन खोल्या दुकानाच्या मागेच. भटारखान्याचं मागचं दार उघडलं की घर. खिडकीजवळची कॉट मला दिलीये. टायपिस्टची नोकरी गेल्यापासून इतकं हलकं वाटलं नव्हतं. उद्यापासून मी हॅम्बर्गरवाली!

७ फेब्रुवारी

कागदी टोपी डोक्यावर ठरत नाही. ताईने केसांना दोन आकडे लावून दिले. माझं काम गुंडाळायचं. कागद तिरका धरायचा, हॅम्बर्गर मधोमध, दोन कोपरे आत, मग लोळवायचा. पहिल्या दिवशी माझी पुडकी तान्ह्या बाळाच्या लंगोटासारखी दिसत होती. काउंटरवरच्या मावशी हसून हसून बेजार झाल्या. त्या कोणाच्याच मावशी नाहीत, पण गिऱ्हाईकंसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात.

तव्यावर लांब्या असतो. धुराड्याला डोकं आपटू नये म्हणून त्याची मान कायम वाकडी. खिम्याच्या टिकिया बारा-बारा एका रांगेत मांडतो, मूठ लावलेल्या गोल लोखंडी ठोकळ्याने दाबतो, आणि चर्र आवाज झाला की स्वतःच "वा!" म्हणतो.

भाऊजींच्या गळ्यात स्टॉपवॉच. ऑर्डर आल्यापासून नव्वद सेकंदांत ट्रे गेला पाहिजे. पूर्वी म्हणे रांग रस्त्यापर्यंत जायची. गावाबाहेरून नवा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून वळल्या. कंपनीची बाकीची दुकानं बंद पडली, आपलं तेवढं उरलंय. हे सांगताना भाऊजी काउंटर पुसत होते. स्वच्छच होता, तरी बराच वेळ पुसत होते.

१२ फेब्रुवारी

लांब्याचा डावा कान नीट बघितला आज. वरची कड वितळल्यासारखी आहे. मी विचारलं तर म्हणाला, लहानपणी चुलीत पडलो. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा दोन्ही कान धड होते. आणि लगेच मला म्हणाल्या, पोरी, तू आपली कागदाकडे लक्ष दे.

दिवसभरात नऊ गिऱ्हाईकं.

१७ फेब्रुवारी

लिहू की नको, कळत नाही.

बारा वाजता एक नवराबायको आले होते. लांब्याच्या हातून पावाची एक बाजू करपली. भाऊजींनी तव्यावरचं उलथनं उचललं आणि त्याच्या मानेला टेकवलं. सपाट बाजू. शर्टाला इस्त्री करावी इतक्या सहज. लांब्या ओरडलासुद्धा नाही, फक्त गुडघ्यात वाकला. ते नवराबायको आपापल्या ट्रेकडे बघत खात राहिले.

मग भाऊजींनीच मलम आणलं. त्याला खुर्चीवर बसवून हलक्या हाताने लावलं, फुंकर घातली. त्यांचे डोळे भरले होते. म्हणत होते, तुम्हा लोकांसाठीच करतो रे सगळं. लांब्या मान डोलवत होता.

माझ्या हातातल्या हॅम्बर्गरचं पीठ झालं होतं.

१९ फेब्रुवारी

ताई न्हाणीघरात होती, मी चुकून दार ढकललं. तिची पाठ. ठोकळ्याएवढे गोल डाग. काही जुने, पांढरे पडलेले. एक ओला.

तिने टॉवेल ओढून घेतला. मी रडायला लागले तर तीच माझी समजूत काढत बसली. म्हणाली, माणूस मनाने वाईट नाही गं, दुकान मरतंय म्हणून असं होतं, एकदा गर्दी परत आली की बघ. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, दुपारचे पाव उतरवायचेत.

मी जाणार नाही. तिला घेतल्याशिवाय नाही.

२३ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला दुकान बंद. भाऊजींनी उभ्याउभ्या वाचलं, चार घड्या घातल्या आणि तव्यावर ठेवलं. ते काळं होऊन जळेपर्यंत आम्ही चौघं बघत होतो.

मग त्यांनी टाळी वाजवली. म्हणाले, चला, गर्दीची वेळ झाली. साठ टिकिया लावायला सांगितल्या. दुकानात चिटपाखरू नव्हतं. लांब्याने लावल्या, मी गुंडाळल्या, मावशींनी काउंटरवर ओळीने मांडल्या. भाऊजी रिकाम्या टेबलांना विचारत होते, अजून काही हवं का साहेब?

लांब्याने टोपी काढली. अगदी हळू म्हणाला, उद्यापासून मी येत नाही.

भाऊजी हसले. जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्या हाताने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्याकडे फेकलं. मी झेललं. का झेललं? म्हणाले, मेहुणीबाई, दहा झाले की सांगा.

आणि त्यांनी लांब्याचा हात तव्यावर ठेवला आणि त्यावर तो ठोकळा दाबला.

तो आवाज मी लिहिणार नाही. वास अजून माझ्या केसांत आहे. ताईने डोळे मिटले होते. मावशी काउंटरखाली बसल्या होत्या. मी काट्याकडे बघत होते. खरंच बघत होते. आणि मी म्हणाले, "दहा."

त्यांनी लगेच सोडला. शाब्बास म्हणाले. मला.

२४ फेब्रुवारी

लांब्याला मावशींनी दवाखान्यात नेलं. तळव्याची कातडी तव्यावरच राहिली होती. ती ताईने खरवडली. खरवडून, तेल लावून, तवा चकचकीत केला.

हवालदार आला. भाऊजींनी त्याला खाऊ घातलं. हात घसरला म्हणाले. हवालदाराने मला विचारलं. भाऊजी ताईच्या मागे उभे होते, तिच्या मानेवर हात ठेवून, अंगठ्याने मान चोळत.

मी म्हणाले, हो, घसरला.

२५ फेब्रुवारी

आज गुंडाळताना त्यांनी माझं मनगट धरलं. कागद वाकडा होता. तव्यापर्यंत नेलं. वाफ लागत होती. मग सोडलं आणि गालाला चापट मारली, प्रेमाने, म्हणाले, तुम्ही घरच्या.

नंतर भिंतीवरच्या फोनची वायर कापली. म्हणाले, आता तो कंपनीचा नाही.

मी ताईशी बोलले. सत्तावीसला सकाळी दहाची बस. ते दूध आणायला जातात तेव्हा. ती हो म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाली.

२६ फेब्रुवारी

कामच नाही. तरी तवा तापलेला. ते एकटेच ऑर्डरी ओरडतात, एकटेच उत्तर देतात. ताई आजसुद्धा हसली एकदा, तोंडावर हात घेऊन. तिच्या दोन बोटांची नखं नाहीत. काल होती.

उद्या. उद्या दहा वाजता.

२७ फेब्रुवारी, सकाळ

दूध आणायला गेलेच नाहीत. ताईने त्यांना सांगितलं. रात्रभर झोप नाही, तोंडून निघून गेलं म्हणते. माझी पेटी त्यांनी दुकानाच्या मधोमध उपडी केलीये. कपडे तव्यावर टाकताहेत, एकेक.

२७, अकरा वाजले असावेत

सामानाच्या खोलीत आहोत, ताई आणि मी. आतून कडी लावलीये. दाराला पावांचे क्रेट लावलेत, रिकामेच आहेत. वही एप्रनच्या खिशात होती.

मावशी कामाची टोपी घालूनच आल्या होत्या. लांब्याचा हात कापावा लागला, हे सांगायला. काउंटरवर हात आपटून भाऊजींना म्हणाल्या, आता मी सगळं सांगणार आहे. भाऊजींनी ठोकळा उचलला. एकदाच नाही — मावशी पडल्यावरसुद्धा — टोपी कागदाची, ती आत गेली, डोक्यात —

मावशी अजून तिथेच आहेत. पाय दिसत होते.

कोणाला ही वही सापडली तर. लांब्याचा हात घसरला नव्हता. मी खोटं बोलले. दहा सेकंद मी मोजले.

दार ठोकताहेत. क्रेट सरकतात.

थांबले.

बोलताहेत आता. हळू. म्हणताहेत, मला भाजलंय गं. ऐकलंस का, खूप भाजलंय. मलम कुठे ठेवलंस?

ताई उठली.

मी एप्रन धरलाय तिचा. एका हाताने लिहि— म्हणते, त्यांना लागलंय. म्हणते, मलम माझ्याशिवाय सापडायचं नाही त्यांना. म्हणते, तू बस, मी आले.

गाठ सुटली. एप्रन माझ्याच हातात.

क्रेट बाजूला करतेय.

दाराखालून काहीतरी आत येतंय. थेंब. पाणी नाही. धूर निघतोय — तेल — त्यांच्या हातात तळणीचं — ताई नको — ताई, कडी —