ब्रेक रडायचा थांबला

प्रिय राजूताई,

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नको. नववीतनं शाळा सुटली तवाच ते पण सुटलं. आन मोबाईलवर मराठी लिवायला मला लय येळ लागतो, एका अंगठ्यानं एकेक अक्षर शोधतोय. पण हे फोनवर बोलता येणार न्हाई. फोन लावला की आई बाजूला येऊन बसती, राजूला इचार जेवली का, म्हणती. म्हणून गोठ्यामागं दगडावर बसून लिवतोय. वाचून झालं की पुसून टाक.

परवा तू म्हणालीस की सायकलच्या दुकानावर तक्रार टाकलीय, ब्रेक कसे फेल झाले ते बघायला त्यांचा माणूस आपल्या घरी येणार हाय, आन अबरारच्या जिवाशी खेळणाऱ्याला तू सोडत न्हाईस. मी नुसतं हूं म्हणलो. तुला वाटलं आसंल, नेहमीचा घुम्या. तसं न्हवतं. ब्रेक लागला न्हाई, येवढंच मी तुला सांगितलंय. बाकीचं कुणालाच सांगितलं न्हाई.

पैल्यापासनं सांगतो. होसूरला कंपनीत लायनीवर उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन तू पगार साठवलास आन मला एका शब्दानं बोलली न्हाईस. टेम्पोतनं खोकं उतरलं तवा आईला वाटलं फ्रीज आलाय. महिपतीकाका म्हणला, फ्रीज आसता तर गार पाणी तरी मिळालं आसतं. ताई, फोटो धाडले मी तुला, पण फोटोत ती सायकल कळतच न्हाई. पुढं शॉकप, मागं पण शॉकप. दगडावरनं नेली तरी बुडाला पत्ता लागत न्हाई. आईनं ओवाळली, हँडलाला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू फुटलं ते मला कळलं पण न्हाई, आसं वाटलं उशीवरनं गेलो. त्या दिवशी मी गावातनं तीन-चार चकरा मारल्या, काय काम नसताना. मी! जो नथूआबाच्या दुकानात काडेपेटी मागायला लाजतो.

अबरारला तू बघितलं न्हाईस. लोणावळ्यात बाजारात राजमहंमद चाचांचं सायकल रिपेअरिंगचं दुकान हाय, त्यांचा थोरला. मी गाड्या धुयाच्या सेंटरवर जातो, तितं दादांच्या काळ्या सायकलची, बापाची तेवढीच तर आठवण, चेन तुटली आन त्यानं बसवून दिली. तवापासनं दोस्ती. मी जेवढा गप तेवढा त्यो बोलका. त्यानंच मला रविवारच्या ग्रुपात नेलं. तुंगार्लीच्या धरणावर जमत्यात समदी, निम्मी लोणावळ्याची, निम्मी पुण्यावरनं मोटारीच्या टपावर सायकली बांधून येत्यात. दादांच्या सायकलला हसायची. अबरार म्हणायचा, हसू नका रे, या लोखंडावर हा इथपर्यंत चढतो, पाय बघा त्याचे, पाय.

नवी सायकल घेऊन पैल्यांदा गेलो तवा पाऊस पडून गेलता, पोरं थोडीच आलती. आन ब्रेक दाबला की कुईईई. ह्या सायकलचा ब्रेक रिमला लागत न्हाई, चाकाच्या मधी एक लोखंडाची चकती आसती, तिला धरतो. ती लय वरडायला लागली. विक्की म्हणून हाय एक, ग्रुपचा म्होरक्या, त्यो आपल्या गावाच्या नावानं हाक मारून म्हणला, ए औंढेकर, सायकल आणलीस का डुकराचं पिल्लू? समदी पोट धरून हसली. अबरार म्हणला, नवीन आहे, ओलं आहे, वाळलं की गप होईल, पुढच्या रविवारी पुण्याचे सगळे असतील तेव्हा दाखवू यांना. पण माझं त्वांड उतरलं ते उतरलंच. घरी येऊन जेवलो न्हाई. आईनं लय इचारलं तवा म्हणलो, सायकल रडती म्हणून पोरं हसली. आई म्हणली, येवढंच व्हय? जेव आता.

मधीच खंडेनवमी आली. आईनं कोयता, विळा, शिलाई मशीन मांडलं आन वळीत शेवटी सायकल पण उभी केली. दुसऱ्या दिवशी अंगणात ब्रेक दाबून बघितला तर आवाजच न्हाई. आई चुलीपासनं म्हणली, बघ, आता रडती का? मला वाटलं पूजेचं म्हणती. मला वाटलं अबरार म्हणला तशी वाळली. लय बरं वाटलं मला ताई, हे लिवताना पण कसंतरी व्हतंय.

त्या रविवारी मी तुझा तो निळा टी-शर्ट घातलता. सायकल आदल्या दिवशीच जीपच्या टपावर टाकून सेंटरपाशी नेऊन ठेवलेली, तितनं धरणापर्यंत समदा चढच, ब्रेकला हात लावायचं कामच न्हाई. वर पठारावर पुण्याचे लोक भवती जमले. कोण सीट दाबून बघतंय, कोण एका हातानं उचलून बघतंय, कोण इंग्लिशमधी कायतरी इचारतंय. अबरारच समद्यान्ला उत्तरं देतोय, जसा काय त्यानंच बनवलीय. अनघा म्हणून एक मॅडम हायेत, त्या म्हणल्या, मस्त आहे रे, कुणी घेऊन दिली? मी म्हणलो, ताईनी. तवर मी बोललेला तेवढा एकच शब्द.

मंग विक्की म्हणला, दाखवायला आणलीस का चालवायला? घे की उडी. उताराला पोरांनी मातीचा उंचवटा केलाय उड्या मारायला. समद्यांनी मोबाईल वर काढले. तुला म्हाईत हाय, शाळेत उभं करून वाचायला लावलं की माझं काय व्हायचं. तसंच झालं. मी हँडल अबरारपुढं केलं आन म्हणलो, तू दाव. त्यो म्हणला, पहिली उडी मालकाची. मी मान हलवली. मंग हसला आन म्हणला, चल, तुझ्या ताईच्या नावानं. आन वरडला, बाजूला व्हा, औंढ्याचं विमान सुटतंय!

उडी लय भारी घेतली त्यानं. दोनी चाकं हवेत, खाली टेकली तर सायकल नुसती दबली आन वर आली, शिट्ट्या पडल्या. विक्कीनं पण मारली शिट्टी. मला वाटलं ती शिट्टी माझ्यासाठी हाय. म्होरं उतार आन उताराच्या टोकाला वळण. त्यानं बोटं आवळली, मला वरनं दिसली. सायकल हळू व्हईना. त्यानं पाय खाली घातला, चप्पल निघून मागं पडली. ब्रेकचा आवाज काय आलाच न्हाई ताई. वळणाच्या पलीकडं वढ्याचे दगड हायेत.

पाठीचा मणका गेला त्याचा. ऑपरेशन झालं ते तुला म्हाईत हाय. कमरेच्या खाली काय कळत न्हाई त्याला, आन डॉक्टर आता पुढचं काय बोलत न्हाईत. ग्रुपवाले म्हणत्यात, स्टंट करायला गेला. विक्की तर समद्यान्ला सांगतो, मी नको म्हणत व्हतो.

दवाखान्यात एक दिवस चाचा चहाला गेलते, आमी दोघंच. अबरार पंख्याकडं बघत म्हणला, सत्या, ब्रेकच्या डिस्कला, त्या चकतीला तेल होतं रे. पडल्यावर हात तिच्यावरच होता, बोटाला लागलं, वास पण आला, शिलाई मशीनच्या तेलाचा. कुणी घातलं? मला तवा कळलं. तवाच कळलं, आईची शपथ. तुला आपली आई म्हाईत हाय. मावळात पाऊसकाळ सरला की कशावर गंज चढंल काय सांगता येत न्हाई. दादा गेल्यापासनं घरातल्या समद्या लोखंडाला तीच तेल घालती. बिजागरी, हापशाचा दांडा, कडीकोयंडा. कायबी वाजलं की तिचं ठरलेलं, कोरडं पडलंय, तेल मागतंय. पोरं हसत्यात म्हणून माझ्या सायकलचं रडणं तिनं थांबवलं. चकतीला तेल लागलं की ब्रेक धरतच न्हाई, हे तिला कोण सांगणार? मला तरी कुटं म्हाईत व्हतं.

मी अबरारला म्हणलो, आईनं. आवाज नको यायला म्हणून. त्यानं डोळे परत पंख्याकडं वळवले. मंग म्हणला, मावशीला कळू द्यायचं नाही. मी वेगात होतो, एवढंच. मी रडायला लागलो तर म्हणला, तू नको रडू यार, मला तुझं नाक पुसता येत नाही इथनं.

चाचान्ला पण म्हाईत हाय. सायकल पैली त्यांच्याच दुकानात नेलती, त्यांच्या हाताला कळलं आसणारच. त्यांनी ती धुतली, पुसली आन टेम्पोत घालून स्वता आपल्या घरी आणून दिली. आईनं इचारलं, भाऊ, सायकलीत काय खोट व्हती का? चाचा म्हणले, नाही शालूताई, सायकल चांगली आहे, पोरगंच आमचं उडाणटप्पू. पाणी पण पिले न्हाईत. रस्त्याला लागस्तवर मी त्यांच्या मागं चाललो. ते वळून बघतील आसं वाटलं. न्हाई बघितलं.

आता आईचं ऐक. ती एकवीरेला नवस फेडून आली, माझा पोरगा वाचला म्हणून. आन दर बाजाराच्या दिवशी जीपनं लोणावळ्याला जाती. दुकानाच्या मागच्या खोलीत अबरारची खाट हाय. ती तिळाचं तेल कोमट करून त्याचे पाय चोळती. दोनी हातांनी, घाम येस्तवर. म्हणती, कोरडे पडलेत बाबा, तेल मागत्यात, चोळलं की उठशील बघ. आन अबरार म्हणतो, व्हय मावशी, बरं वाटतंय. आपल्यासारखं व्हय म्हणतो, तिच्यासाठी. त्याला काय सुदिक कळत न्हाई ताई. मी दाराबाहेर उभा ऱ्हातो. चाचा तितंच पंक्चर काढत आसत्यात, मान खाली घालून.

म्हणून लिवलंय हे. सायकल आपल्या पडवीत उभी हाय, पोतं टाकून. मी तिला हात लावत न्हाई, पण आई लावती. सत्या परत चालवंल म्हणून ती आजून त्या चकतीला तेल घालती. मी चोरून पुसतो, ती परत घालती. नको घालू म्हणावं तर का, ते सांगावं लागंल. आता तुझा तो माणूस येणार. पोतं काढणार, चकतीला बोट लावणार आन इचारणार, ह्याला तेल कुणी घातलं? आन आई म्हणंल, मीच. हसत म्हणंल ती, कवतिकानं. वाजत व्हती ना, म्हणून घातलं, पैल्यापासनं घालती, म्हणंल. त्यो माणूस मंग काय बोलंल, ते मला डोळ्यापुढं आणता येत न्हाई. दुकानदाराची कायबी चूक न्हाई. तक्रार मागं घे. काय सांगायचं ते सांग, पण आजच्या आज घे, त्यो या आठवड्यात येतो म्हणलाय. आन घरी येशील तवा आईचे हात धरून रडू नको, तिला वळखता येतं.

आन हा, माकडांनी आपल्या टाकीचं झाकण पळवलंय. एक त्येच्यात बसलंय कौलावर, ताटात बसल्यागत, आन आई काठी घेऊन खालनं वरडतीय. हसतीय लय.

तुझाच,
सत्यम