गारीत पुरलेलं भिंग

प्रिय एन्योनाम,

तुला वाटेल, समुद्र घरात शिरून गेला तरी दादाला चार ओळी लिहायला सवड झाली नाही. आपल्या केटा गावात समुद्राचं पाणी घरात येणं ही आता बातमी राहिलेली नाही गं. या खेपेला मात्र त्याने माझा अख्खा स्टुडिओ धुऊन नेला. पडदे, दिवे, फोटोंची पेटी, सगळं. आईचे होते नव्हते ते फोटो त्या पेटीतच होते. कॅमेरा तेवढा गळ्यात अडकवून मी बाहेर पडलो, पण लाटेने त्यालाही सोडलं नाही.

आईने अंथरूण तेव्हाच धरलेलं होतं. गावभर लागणाऱ्या अंत्यविधीच्या पोस्टरवर आपला चेहरा नीट यावा, एवढी एकच तिची इच्छा. "बिनचेहऱ्याचं पोस्टर लावाल तर लोक म्हणतील, कुणी बेवारस मेलंय," असं हसत म्हणायची. मला हसू यायचं नाही. रस्ता लाटेने तोडलेला, तिला हलवणं अशक्य, आणि या पट्ट्यात माझ्याशिवाय दुसरा फोटोवाला नाही.

खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसलं की मीठ काचेला ओरखडे पाडतं. म्हणून मी कॅमेऱ्याचं भिंग काढलं आणि आधी फुंकर घालून वाळू उडवली. मग गोड्या पाण्यात मऊ फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि काचेवरून मधून कडेकडे अलगद फिरवलं. काच लख्ख झाली. आत थोडं धुकं राहिलं होतं, ते सावलीत, वाऱ्यावर हळूहळू ओसरलं असतं. आई सारखी विचारायची, "सुकलं का रे? मी काय तुझ्या काचेसाठी ताटकळत राहू?" मी म्हणायचो, "थांब की, कुठे जायचंय तुला?"

आणि मग आपली आकोर्फा आत्या! मी पाणी भरायला गेलो आणि तिने भिंग उचलून गारीच्या, कसाव्याच्या भाजलेल्या रव्याच्या, डब्यात पुरलं. "मूठभर गारी वाटीभर पाणी पिते, मग भिंगातलं का नाही पिणार?" हा तिचा हिशेब. मी ओरडलो, तर माझ्यावरच उलटली, "फोटोवाला झालास म्हणून मला गारी शिकवतोस होय रे?" रागावणार तरी कसा? घरात उरलेली सगळी गारी तिने त्यात घातली होती आणि स्वतः उपाशी बसली होती. गारीची भुकटी भिंगाच्या कड्यांच्या फटींतून आत गेली, ओल पिऊन फुगली, आंबली. कडं फिरेना. काचेच्या आत पांढरा थर बसला. खोलून साफ करायला अक्रालाच न्यायला हवं होतं.

तरी मी आईला उशांना टेकवून बसवलं. आत्याने तिला ठेवणीतलं कापड नेसवलं. कॅमेऱ्याला डोळा लावला, तर कापड ओळखू येत होतं, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. मी बटण दाबलं. "छान आला," म्हणालो. तिने मान हलवली आणि डोळे मिटले.

एन्यो, आई गेली. रस्ता सुरू झाल्यावर तिला शवागारात ठेवलं आहे. पोस्टर छापायचं आहे आणि आपल्याकडे तिचा चेहरा नाही. वडीलधाऱ्यांनी ठरवलं ते लिहायला हात धजत नव्हता, म्हणून इतकी लांबण लावली. या पत्रासोबत आईचं ते कापड पाठवतो आहे. ते नेस, डोक्याला तिच्यासारखा रुमाल बांध, कपाळावरच्या केसांना पावडर लाव आणि तिकडे तामालेत एक फोटो काढून पाठव. खाली नाव आईचं छापू. फक्त हसू नकोस. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडायची, ती तुला नाही.

तुझाच अभागी,
सेलोर्मदादा