दोघांची न्याहारी

नॅशव्हिल,
९ ऑक्टोबर १९८८

प्रिय ओपलताई,

कशी आहेस? आम्ही मजेत. ड्वाइटची कंबर बरी आहे, भोपळ्यांनी परसात उच्छाद मांडलाय, आणि तुझ्या धाकट्या बहिणीचं गाणं रेडिओवर दिवसातून चारदा वाजतंय. मला आणखी काय हवं?

ड्वाइट तर ऐटीत फिरतो. पेट्रोल पंपावर सांगत होता, “ते गाणं माझ्यावरच आहे बरं का.” मी म्हटलं, “बायकोला वाटेत टाकून जायला आधी सोफ्यावरून उठावं लागतं.” सगळे हसले. मला मात्र तू आठवलीस.

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणजे ऐकलंयस. लोवेल तुला अमारिलोच्या ट्रकथांब्यावर “डिझेल भरून आलोच” म्हणून सोडून गेला आणि तू दोघांची न्याहारी मागवून बसलीस, हे तू माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलताना सांगितलंस. “त्याची अंडीपण मीच खाल्ली. टाकायची कशाला?” म्हणून हसलीस. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य घेऊन बडीबरोबर गाणं रचायला बसले.

इथला रिवाज तुला ठाऊक आहे. रचताना खोलीत जो असेल, त्याचं नाव गाण्यावर. मग त्यानं एकच ओळ का सुचवलेली असेना. खोलीत आम्ही दोघंच होतो, दोनच नावं लागली. वर रेडिओवाल्यानं विचारलं, “हे तुमच्यावरच गुदरलंय?” मी हो म्हणाले. जिला आयुष्यात कुणी पाच मिनिटं ताटकळत ठेवलं नाही, ती हो म्हणाली. ताई, मला लाज वाटते.

काल बडीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग खरी खोली तुझं स्वयंपाकघरच की. तिसरं नाव लाव.” पण नाव लागलं की तुझी गोष्ट चारचौघांत जाणार. एकदा न विचारता घेतलं, तेवढं पुरे.

शनिवारी पडूकाला, तुझ्याच गावात, कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तुझी. तू आलीस, तर तुझा होकार समजून गाण्याआधी सांगेन की हे माझ्या बहिणीचं. नाही आलीस, तर ते पुन्हा कधी गाणार नाही, लोक कितीही ओरडोत.

उशीर झाला तरी ये. मी वाट बघेन. आपल्या घरात ते काम आजवर तूच केलंस.

तुझी, तुझं न विचारता घेणारी,
मार्लिस