उलट्या ताटलीची हकीकत

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद.

लेक खुशाल आहे, हे आता निःशंकपणे लिहितो. एकाच कुळातील दोन जनुके यकृतात आणि मूत्रपिंडात किती काम करतात, हे ती ताडून पाहते. दोन महिने निष्कर्ष उलटेच येत होते आणि तिचे जेवण सुटले होते. तुला मुद्दाम कळवले नाही.

काल तिच्या प्रयोगशाळेत मी पाहिले, तर नमुन्यांच्या ताटलीचा कापलेला कोपरा यंत्रावरील खुणेशी जुळत नव्हता; ताटली यंत्रात उलटी बसत होती. यकृताचे आकडे मूत्रपिंडाच्या नावे जात होते!

“बाबा, आता ताटलीच्याही चुका काढणार?” मी दाखवताच ती म्हणाली, वाकून पाहिले आणि खदखदून हसली.

आज आकडे जुळले. तिने दोनदा वाढून घेतले.

तुझा गुडघा कसा आहे?

चूक सापडूनही मी रागावलो नाही, असे ती कळवील. विश्वास ठेव.

लवकरच परतणारा,
तुझा