आपली रेघ

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोली आता गळत नाही, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मध्यंतरी ऑफिसात मला एक काम दिलं होतं. गेल्या वीस वर्षांत आपल्या देशानं आणि या देशानं सागवानासारखं टणक लाकूड बाहेरून किती मागवलं, त्याच्या दोन रेघा एका कागदावर काढायच्या. इकडची रेघ चढतच गेली. आपली काही वर्षं तिच्या बरोबरीनं चढली आणि मग जी घसरली ती घसरलीच.

मला ते पटेना. तुम्ही तर दर पत्रात लिहिता की कारखान्यात लाकूड ठेवायला जागा नाही. आकडेच चुकले असणार, असं धरून मी आपली रेघ वर ओढली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "वडिलांनी. ते सुतार आहेत." सगळे हसले.

आता मला खाली गोदामात फळ्या मोजायला बसवलंय. काळजी करू नका. तिथे लाकडाचा वास येतो, तेवढंच बरं वाटतं.

बाबा, पूर्वी तुमचं पाकीट फोडलं की टेबलावर भुसा सांडायचा. रंधा बाजूला ठेवून तुम्ही तसेच लिहायला बसायचात. या वेळचं पत्र मी दोनदा झटकून पाहिलं. कागद अगदी स्वच्छ होता.

एवढं आईला वाचून दाखवू नका.

तुमचा,
थोरला