पट्टीचं तिसरं भोक

३ मार्च, सोमवार

जुन्या गिटारींवरचं पुन्हा एक पुस्तक आलं आणि पुन्हा पैसे पाण्यात! मुखपृष्ठ काय, कागद काय — आणि आत अर्धे फोटो उलटे छापलेले. सगळे वाजवणारे डावखुरे! टाकलं कपाटात बाकीच्यांच्या सोबतीला. कपाटाचं एक दार माझ्या लहानपणापासून सुतळीने बांधलेलं आहे. दरवेळी सोडा, दरवेळी बांधा.

दातांचे डॉक्टर शनिवारी येणार. त्यांच्या आईची जुनी इलेक्ट्रिक गिटार महिनाभर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पडून आहे. कारखान्याची अस्सल, की कुणी बनवलेली नक्कल — एवढंच सांगायचंय. विकायची नाहीये त्यांना. आई लग्नाआधी बँडमध्ये वाजवायची. शिकवण्या करकरून ही गिटार घेतली, "माझ्यासमोर कारखान्याचं खोकं फोडलं" असं शेवटपर्यंत सांगायची. मावशीचं मात्र एकच पालुपद — "थापाडी होती तुझी आई!" आई आता नाही. "एकदा मावशीचं तोंड बंद करायचंय, ताई," म्हणाले. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावलं बिचाऱ्याने!

५ मार्च

पुस्तक पारखायची माझी युक्ती — ज्या गिटारचं पोट मी स्वतः उघडलंय, तिचंच पान आधी वाचायचं. तिथे थाप सापडली की पुस्तक बंद. आजवर पाच झाली. त्यातली दोन एकमेकांची नक्कल, चुकांसकट! शाळेत आम्हीही असेच पकडले जायचो.

खरं तर बाबांना विचारायला हवं. दुकान त्यांचं, हात त्यांचे, मी नुसती वारस. पण मोतीबिंदू इतका पिकलाय की समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात. ऑपरेशन सोमवारी. आणि पुस्तकाचं नाव काढलं की उखडतातच. "लिहिणाऱ्याने कधी स्क्रू फिरवलाय का?"

७ मार्च

सापडलं!!! वाचनालयातल्या बाईंनी कुठल्याशा कॉलेजातून मागवून दिलं. आठशे पानं. मी नाव ठेवलंय ठोकळा. "खुणा करायच्या नाहीत हं," बाई म्हणाल्या. मी काय शाळकरी पोर आहे? (केल्या. दोनच, पेन्सिलीने.)

माझ्या ओळखीच्या तीन गिटारींची पानं वाचली. तिन्ही चोख! लेखकाने प्रत्येक गिटार स्वतः उघडून पाहिलीय, आणि जिथे माहीत नाही तिथे सरळ "माहीत नाही" लिहिलंय. असा माणूस मला आवडतो.

आणि पान तीनशे बारावर — आपलीच गिटार! म्हणजे तिची जुळी बहीण. नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बॉडीला जोडतात, तिथे खाली पितळेची पट्टी. तीन भोकं, स्क्रू मात्र दोनच. "कारखान्याच्या पहिल्या वर्षीच्या गिटारची खात्रीची खूण. तिसऱ्या भोकाचं प्रयोजन कळत नाही."

धावत जाऊन डॉक्टरांची गिटार उघडली. पट्टी. तीन भोकं. दोन स्क्रू! मी दुकानात एकटीच नाचले. बाबा आतून ओरडले, "काय पडलं?"

८ मार्च, शनिवार

डॉक्टर ढसाढसा रडले. एवढा मोठा माणूस, माझ्या स्टुलावर बसून. मग इथूनच मावशीला फोन. "पुस्तकात आहे, मावशी! फोटोसकट!" गिटार छातीशी धरून घेऊन गेले.

फार दिवसांनी मलाही आपण काहीतरी कामाचं केलं असं वाटलं.

१० मार्च

ऑपरेशन झालं. बाबांनी नर्सला तिच्या कात्रीला धार कशी लावायची ते सांगितलं म्हणे.

१४ मार्च

बाबांना दिसायला लागलं! सकाळपासून घरभर धूळ दाखवत फिरतायत. वैताग! गप्प बसवायला ठोकळा पुढ्यात ठेवला, म्हटलं बघा, सगळेच लेखक काही तसे नसतात. पान तीनशे बारा काढून दिलं.

बघत राहिले. मग खो खो हसत सुटले. "अगं, ही तर आपल्या कपाटाची बिजागरी!"

मी सुतळी बांधलेल्या दाराकडे बघितलं. दुसऱ्या दाराची बिजागरी तिथेच होती — पितळेची, एका पात्याला तीन भोकं. तेवढं जाणकार पुस्तक, आणि बिजागरी ओळखता आली नाही! हसून हसून पोट दुखलं. म्हटलं, म्हणजे तुम्ही दुरुस्त केलेली ही? आणि डॉक्टरांच्या आईचीही आपल्याकडेच आली होती तर!

"कुणाची आई?" मी सगळं सांगितलं. बँड, शिकवण्या, खोकं.

बाबांनी पुस्तक मिटलं. जेवलेही नाहीत.

१५ मार्च

सकाळी स्वतःच माझ्या टेबलापाशी येऊन बसले. "दुरुस्त नव्हत्या केल्या. बनवल्या होत्या. दोन. एक बँडवाल्याने नेली, ती फिरत फिरत पुस्तकात पोचली. दुसरी डॉक्टरांच्या आईने. सहा महिने रोज दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. अस्सल तिला परवडली नसती, आणि माझी म्हटलं असतं तर तिने घेतली नसती. खोकं खरं होतं. आतली गिटार तेवढी माझी."

मला राग आला. खूप आला. डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन बाबांच्या हातात दिला.

"मावशीला सांगा," बाबा म्हणाले, "तुमची आई खरंच बोलत होती. थाप मी मारली होती. तिला."