मायची मागच्या वर्षीची फिल्म

४ फेब्रुवारी, मंगळवार

मायचा मॅमो, छातीचा एक्स-रे, झाला एकदाचा. भेस्तानच्या घरून मीच धरून आणलं, रिक्षात सगळा रस्ताभर कुरकुर. "मी धडधाकट शे. कशाले परत?" मशीनने छाती दाबली तशी टेक्निशियन पोरीला अहिराणीत दोन कडक शिव्या. पोरगी गुजराती. तिला वाटलं आजी आशीर्वाद देतायत, हसून थँक्यू म्हणाली.

मग मी मायचं चित्र वाचायला स्क्रीनसमोर बसले. डावीकडे, वरच्या भागात एक जागा. गाठ म्हणावी अशी नाही. तंतू एका ठिकाणी ओढलेले, कापडात धागा ओढला गेला की सळ पडते तसे. मोठं करून, लहान करून पाहिलं.

मागच्या वर्षीचाही मॅमो मीच वाचला होता. 'नॉर्मल' लिहून खाली सही ठोकलेली. माझीच.

५ फेब्रु.

आमच्या सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांना, सरांना, दाखवलं. म्हणाले, सुई घालून तुकडा तपासायलाच हवा, मंगळवारी करू. आणि जुनी फिल्म आण. बरोबर आहे, जागा जुनी आहे की नवी, वाढतेय की तशीच, हे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मागच्या वर्षी मी होते त्या सेंटरला फोन. कॉम्प्युटर बदलले म्हणे, आधीचं काही नाही. मग मायला फोन.

"ती फिल्म? ती ते मी कापी टाकी."

कापली!

साड्यांवर खडे चिकटवायचं काम माय घरीच करते, माझ्या जन्माआधीपासून. बुट्टा सारखा उठावा म्हणून खाका लागतो, नक्षीचा साचा, भोकं पाडलेला, वरून पावडर फिरवायची. कागदाचा खाका फाटतो. फिल्म फाटत नाही. "पानीमा बी खराब व्हत नई," वर मलाच समजावते! सीडी विचारली तर ती कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलेली. वर्षभर ऊन-पाऊस खाऊन चंदेरी थर पापुद्र्यांनी सुटलेला. चालणार कसली, कपाळ.

चिडले, ओरडले. फोन ठेवल्यावर रडले.

७ फेब्रु., शुक्र.

सुट्टी टाकून भेस्तानला. चार तुकडे. एक मायकडे, बाकीचे गल्लीत वाटलेले, बाईचा हात सढळ ना! तीन घरं फिरलो दोघी. माय प्रत्येक दारात मोठ्यांदा: "मन्ही छातीना फोटो शे तो, सांभाळीसन दे वं माय!" शेजारची सुमनमावशी तर खाली बसून हसली. म्हणे, अगं, मी याच्यावर लग्नाच्या अख्ख्या साड्या काढल्या की. मीही हसले. इतकं हसू गेल्या दोन दिवसांत कुठे होतं कोण जाणे.

पोळ्या, वांग्याचं भरीत. जबरदस्तीने दोनदा वाढलं.

९ फेब्रु.

रविवार, सेंटरला कोणी नाही. स्क्रीन पांढरी केली, त्यावर तुकडे जुळवले, चिकटपट्टीने. मायच्या छातीवर भोकांची फुलं. हवा तो भाग शाबूत आहे, पाकळ्यांच्या मधे.

पाहिलं. दिसतंय. चहा पिऊन आले, पाहिलं. नाही दिसत. मायचे स्तन दाट, फिल्मवर सगळं पांढरं, आणि जे शोधायचं तेही पांढरंच. आता कुठे बघायचं ते मला माहीत आहे, म्हणून दिसतंय का? मागच्या वर्षी माहीत नव्हतं.

आणि खरं लिहायचं तर. आमच्याकडे रीत आहे, एक चित्र दोघांनी वाचायचं, वेगवेगळं, एकमेकांचं न बघता. कारण एकाचा डोळा चुकतो. चांगल्या चांगल्यांचा चुकतो. मायच्या वेळी मी ती रीत मोडली. घरचं काम, दुसऱ्याला कशाला त्रास. शिवाय मनातून ठरवूनच बसले होते की मायला काही नसणार. लाडाने वाचलं मी ते चित्र.

१० फेब्रु.

आज रीतीने केलं. सर आणि माझ्याबरोबरची डॉक्टर निमिषा, दोघांना वेगवेगळं दाखवलं, एकमेकांचं न सांगता; निमिषाला तर कोणाची फिल्म तेही नाही. भोकं बघून निमिषा म्हणाली, "आ शुं छे?" हे काय म्हणे. म्हटलं, नंतर सांगते.

सर: "आ तो पहेलेथी ज छे." आधीपासूनच आहे म्हणे.
निमिषा: काही नाही. "मी तर नॉर्मलच लिहिलं असतं."

घ्या. होतं आणि नव्हतं. मला शिक्षा तरी धड मिळावी की नाही!

११ फेब्रु., मंगळ.

तुकडा घेतला. मायने या वेळी एकही शिवी दिली नाही. परत जाताना रिक्षात सांगून टाकलं. माय, मागच्या वर्षी बहुतेक चुकले मी. तेव्हाच होतं असं सर म्हणतात.

मला वाटलं, आता बोलणार नाही माझ्याशी.

ती म्हणाली, "चुकनी ते चुकनी. तू सांगं म्हनीसन ते मी गऊ. नई ते मी कोठे जाती दाखाडाले?" मी सांगितलं म्हणूनच तर ती गेली, म्हणे. आणि माझी ओढणी सरळ केली. मी पर्वत पाटियाच्या सिग्नलला, चार रिक्षावाल्यांदेखत, भोकाड पसरलं.

१४ फेब्रु.

तुकड्याचा रिपोर्ट उद्या अकराला. लॅबमधली ओळखीची विचारत होती, तुला आजच फोनवर सांगू का? ओठांवर आलं होतं, हो. नाही म्हटलं. सर वाचतील, निमिषा वाचेल, मग आम्हाला आत बोलावतील.

मायला विचारलं, चालेल ना? मला वाटलं म्हणेल, मन्ही आंडेर, म्हणजे लेक, डॉक्टर असताना दुसऱ्यांचं कशाला. तर म्हणाली, "आते दुसरासले देखू दे. तू मन्हाजोडे बठ."

उद्या कोट घालणार नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, मायचा हात धरून, नाव पुकारेपर्यंत. त्या बाकड्यावर मी आजवर एकदाही बसलेली नाही.